अप्पांच्या सुतकाची टोपी

घाबरू नका, वर बघा. आढ्याला, लसणाच्या माळेशेजारी लटकतेय ना, ती मी. टोपलं नाही, इरलंही नाही. मी सुतकाची टोपी बोलतेय.

आवाज बारीक आहे माझा, समजून घ्या. जन्मापासूनची भित्री आहे मी. का नसावं? आमच्या जोसोन देशात, म्हणजे तुमच्या कोरियात, ज्याचे आईबाप जातात तो मुलगा तीन वर्षांचं सुतक धरतो. आईबाप गेले म्हणजे आपलंच काहीतरी पाप, मग आभाळाला तोंड कसं दाखवायचं? म्हणून बाहेर पडताना तो माझ्यासारखी टोपी घालतो, सुपाहून मोठी, पार खांद्यांपर्यंत उतरणारी. आणि सुतक फिटलं की त्याच दिवशी टोपी जाळायची, अशी रीत. म्हणजे बघा, बांबूची पहिली कामटी वळली तेव्हाच माझं मरण ठरलं होतं. चुलीतून ठिणगी उडाली तरी माझं धाबं दणाणायचं.

मला विणलं पेक तेसुक नावाच्या बुरडानं. डोंगराच्या कुशीत, वाट संपते तिथून पुढे, आमची चार झोपड्यांची वस्ती. सगळे टोप्या विणायचे, बाजारात विकायचे. पण प्रत्येकाला दोन नावं होती. एक बाजारात हाक मारायचं, एक दार लावल्यावर. तेसुक घरात योहान असायचे. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी ओवोल घरात आगाता व्हायची. आणि तेसुकांची थोरली बहीण, ती बारबारा आत्या. येशूचं नाव घेणाऱ्याचं डोकं उडवायचा हुकूम होता, म्हणून ही दोन नावं. मेलेल्यांसाठीची प्रार्थनासुद्धा ही माणसं रडण्याच्या चालीवर म्हणायची. वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, कुणीतरी आपल्या माणसाला रडतंय.

कामट्यांच्या ढिगामागे एक परका माणूस लपलेला होता, मिन फादर. नाव आमच्याकडचं दिलेलं, पण नाक? दुधीच्या देठासारखं! डोळे राखाडी, दाढी पिंगट. असा माणूस रस्त्यावर दिसला की संपलंच. पण सुतकी माणसाला कोणी हटकत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याचं तोंड कोणी बघत नाही. म्हणून फादर कुठेही जायचे ते सुतकाची टोपी घालून. त्यांच्या जुन्या टोपीची कड फाटली, तेव्हा तेसुकांनी मला विणायला घेतलं.

"आतून देव दिसला पाहिजे आणि बाहेरून माणूस दिसता कामा नये, अशी वीण हवी," असं ते ओवोलला सांगायचे. त्यांचा हात फार घट्ट होता. माझा मधला भाग बघा, मुंगीसुद्धा शिरायची नाही.

माझी कड तेवढी राहिली होती. तेसुक म्हणाले, "बाजार करून येतो, मग पुरी करतो."

ते आलेच नाहीत.

ओवोल त्यांच्याबरोबर गेली होती, टोप्यांचा भारा डोक्यावर घेऊन. ती जरा मागे राहिली आणि तेवढ्यात शिपायांनी तेसुकांना धरलं. भर बाजारात मारलं. "गोरा कुठे आहे ते सांग आणि सुटून जा," म्हणाले. तेसुक बोलले नाहीत. त्यांना ओढत नेताना त्यांची नजर गर्दीत ओवोलवर पडली. क्षणभरच. मग त्यांनी तोंड असं फिरवलं, जणू या मुलीला कधी पाहिलंच नाही. ओवोलनंही ओळख दाखवली नाही. डोळ्यातून एक टिपूस काढलं असतं तरी तिलाही धरलं असतं. भारा डोक्यावर तसाच धरून ती उभी राहिली, आणि नदीकाठच्या वाळूत तिच्या अप्पांचं डोकं उडवलेलंही तिनं तसंच उभं राहून पाहिलं.

घरी आल्यावर तोंड उघडलं तर आत्यानं तिच्या तोंडावर हात दाबला. "गीळ, पोरी. खालच्या गावात आवाज गेला तर सगळी वस्ती जाईल. गीळ." ओवोलनं हुंदका गिळला. आणि तो असा गिळला की नंतर वर येईचना.

मला मांडीवर घेऊन तिनं माझी कड पुरी केली. बोटं कापत होती. अप्पांच्या घट्ट विणीशेजारी तिची वीण सैल बसली, एका जागी तर चक्क फट राहिली. मला ती लगेच जाणवली. पण टोपीला तोंड असतं कुठे बोलायला?

"आत्या, ही आता कोणाची?" ओवोलनं विचारलं.

"कोणाची म्हणजे? फादरांची. शिपाई डोंगर चढायला लागलेत. त्यांना नदीपलीकडे समुद्रावर पोचवायचंय. चिन्यांचं मासेमारीचं गलबत थांबणार आहे."

"बाप माझा मेला आणि सुतक त्यांना?"

आत्यानं चुलीत काटकी सारली. मुलीनं ही टोपी घालायची रीत नाही. आणि ज्याला सरकारनं मारलं त्याचं सुतक उघड धरायची तर कोणाचीच छाती नाही.

नदीच्या घाटावर शिपाई सुतकी माणसांनाही रडायला लावतात, असं कानावर आलं होतं. म्हणून आत्या फादरांना रडायला शिकवायला बसली.

"नीट ऐका हं. आईबापासाठी 'आइगो, आइगो'. बाकी कोणीही असो, भाऊ, काका, मित्र, त्याला 'ओइ, ओइ'. घोटाळा केलात तर तुमचं नाक दिसायच्या आधीच गळा जाईल."

फादर बिचारे म्हणू लागले, "आइको... आइको..."

"अहो, बैल हाकताय का?" आत्या म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वस्तीत कोणी हसलं.

ओवोल हसली नाही. कोपऱ्यातून म्हणाली, "तुमचे वडील जिवंत आहेत ना? मग रडणार कोणासाठी?"

फादरांनी हात पुढे करून मला उचललं. मला डोक्यावर चढवलं तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर ठणठण उडत होती, ती मला आतून कळत होती.

ठरलं असं की फादर मोठा भाऊ, ओवोल धाकटी बहीण, दोघं बापाच्या मातीला गावी निघालेत. बोलायचं ते ओवोलनं. निघताना आत्यानं तिचा हात धरला. "तुझा फादरांवर राग आहे, मला कळतं. पण त्यांना धरलं तर तुझ्या अप्पांचं गप्प राहणं फुकट गेलं. तेवढं लक्षात ठेव."

ओवोल गेली ती तेवढ्यासाठीच. देवासाठी नाही आणि फादरांसाठी तर नाहीच नाही.

वाटेत दोन्हीकडे केशरी फळांनी झाडं वाकली होती, पण बघतो कोण! पाचोळा वाजला तरी फादर थबकायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर हलायचे. एकदा ते हळूच म्हणाले, "आगाता, देव..."

"देवाचं नाव काढू नका," ओवोल पुढे बघत म्हणाली. "अप्पांना मारत होते तेव्हा तो कुठल्या टोपीखाली लपला होता?"

मला वाटलं, आता हे मोठं प्रवचन देणार. माणसांना उत्तर ठाऊक नसलं की ती जास्त बोलतात, असा माझा अनुभव. पण फादर म्हणाले, "मला माहीत नाही, पोरी."

घाट आला. नाव काठाला होती, माणसांची रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी शिपाई. एकाच्या तोंडावर देवीचे व्रण होते. त्यानं आम्हांला पाहिलं आणि सरळ आमच्याकडेच आला. अहो, माझी तर पाचावर धारण बसली!

"हल्ली सुतकाच्या टोप्या फार झाल्यात," तो म्हणाला. "एकेकीखाली गोरे निघतात म्हणे. कोण मेलं रे तुझं?"

"आमचे अप्पा," ओवोल म्हणाली. "दादा बोलत नाहीत, शिपाईदादा. सुतकात आहेत."

"बोलू नको म्हणावं. रडायला तर येतं ना? बाप मेलाय, रड की!"

सुतकी माणूस तोंडापुढे तागाचा लहान पडदा धरतो, फादरांनी तो घट्ट धरला. त्यांचे ओठ हलत होते, तशी हनुवटीखाली बांधलेली माझी दोरी हलत होती. 'आइगो,' मी मनात म्हटलं, 'आइगो म्हणा, माझे बाबा!' आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं. नाटक नव्हतं ते. गरम पाणी माझ्या दोरीवरून ओघळलं.

"ओइ... ओइ..."

संपलं! रांगेतल्या माणसांच्या माना वळल्या. शिपायाच्या डोळ्यांच्या फटी झाल्या.

"थांब. बापाला ओइ? शेंबड्या पोरालासुद्धा कळतं बापाला काय म्हणून रडायचं ते. कसला मुलगा रे तू?"

ओवोलच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण जीभ चालली. "काकांचं रडतायत ते! महामारी आली आमच्याकडे. अप्पा गेले, मागोमाग काका गेले. अप्पांचं रडून रडून घसा बसला, आता काकांचं चाललंय. तुम्हांला कोणाचं हवंय ते सांगा, तेवढंच रडायला लावते."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. शिपाई हसला नाही.

"मला बापाचं हवंय," तो म्हणाला, आणि त्यानं माझी कड धरली.

त्याची बोटं नेमकी सैल विणीवर आली. खाली वाकून तो त्या फटीला डोळा लावू लागला. फादरांनी डोळे गच्च मिटले. मिटल्या पापण्यांवरून राखाडी रंग कळत नाही, पण नाक कुठे मिटता येतं? त्यानं मला जरा वर उचललं. फादरांच्या हनुवटीला वारा लागला. मी सगळ्या कामट्यांनिशी त्यांच्या डोक्याला चिकटून बसले. टोपी याहून जास्त काय करू शकते?

तेवढ्यात ओवोल धाडकन गुडघ्यांवर पडली.

"आइगो!"

तो आवाज मी आजवर ऐकला नव्हता. बाजारात, वाळूत, घरी आत्याच्या हाताखाली गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "आइगो, अप्पा! तुम्ही मला बघून तोंड फिरवलंत! आइगो! मी पण तुम्हांला हाक मारली नाही हो, अप्पा! तुम्ही एकटेच गेलात!" ती दोन्ही हातांनी जमीन बडवत होती. शिपायाचा हात माझ्या कडेवर तसाच राहिला.

रडता रडता तिच्या तोंडून शब्द बदलले. चाल तीच होती, म्हणून शिपायाला काही कळलं नाही. मला कळले, कारण मेलेल्यांसाठीची ती प्रार्थना तेसुक माझ्यावर वाकून किती वेळा पुटपुटले होते. "त्यांना विसावा दे... आइगो... त्यांना विसावा दे..."

आणि पोरीच्या ओठांवर हे आलं कसं, याचा मी विचार करतेय तोच रांगेतून उत्तर आलं.

"ओइ... त्यांना उजेड दे..."

सुकी मासळी विकणारी म्हातारी होती ती. डोक्यावरची पाटी खाली ठेवून छाती पिटत होती. रडणाऱ्याच्या सुरात सूर मिळवायचा ही आमच्याकडची रीतच आहे, त्यात वावगं काही नाही. पण तिचे शब्द! मग बैलवाला ओरडला, "ओइ... उजेड दे..." मग कडेवर मूल असलेली एक बाई. मग मागून आणखी कोणी, आणखी कोणी. सगळे नव्हते हो, काही नुसतेच रडणारे होते. पण घाटावर इतकी दोन नावांची माणसं उभी आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी वाळूत गेलं होतं, आणि कोणालाच रडता आलं नव्हतं. आज एका पोरीनं तोंड उघडलं आणि सगळ्यांनी आपापली माणसं रडून घेतली.

म्हातारी रडता रडताच शिपायावर धावून आली. "मेल्या, सुतकी माणसाच्या टोपीला हात लावतोस? हात झडेल! तुझ्या आईच्या मातीला रडायला कावळे तरी येतील का रे?"

शिपायानं चटका बसल्यासारखी माझी कड सोडली. तिकडे चौकीतून त्याचा वरचा ओरडला, "अरे, पाठव त्यांना पलीकडे! सकाळी सकाळी घाट आहे की मसण?"

आम्ही नावेत बसलो. ओवोल रडतच होती, पण आता हळू, पावसाची सर ओसरावी तशी. फादर माझ्याखाली ओठ हलवत होते. "त्यांना उजेड दे." उच्चार अजून बैल हाकल्यासारखाच.

समुद्रावर गलबत उभं होतं. एका खडकाआड फादरांनी मला उतरवलं.

"मी चुकीचं रडलो," ते म्हणाले. "आत्यांनी एवढं शिकवलं होतं. पण तू विचारलं होतंस ना, कोणासाठी रडणार? तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे योहानच होते. माझ्यासाठी ते... मला नाटक जमलं नाही. मी तुला मारलंच होतं, पोरी."

ओवोलनं नाक पुसलं. मग म्हणाली, "नाही, फादर. मित्राला ओइच म्हणतात. तुम्ही बरोबर रडलात." आणि पुढे, "तो कुठल्या टोपीखाली होता, ते मला अजून माहीत नाही. पण घाटावर तो गप्प नव्हता."

फादरांनी मला दोन्ही हातांनी तिच्याकडे दिलं, आमच्याकडे मोठ्या माणसाला देतात तसं. "हे सुतक तुझं आहे. मी नुसतं सांभाळत होतो."

ते गलबत पोचलं की बुडालं, ते आम्हांला कधी कळलं नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. दार लावून ओवोल मला डोक्यावर घ्यायची आणि हळू आवाजात अप्पांना रडायची. जोसोनमध्ये मुलीच्या डोक्यावर बसलेली सुतकाची टोपी दुसरी असेल तर मला दाखवा! हळूहळू रडणं कमी झालं, प्रार्थना वाढली. कधी देवाशी भांडणही व्हायचं, तेही मी ऐकलंय. बाकीच्या वेळी ती टोप्या विणते. हात आता अप्पांसारखा घट्ट झालाय.

तीन वर्षं भरली. सुतक फिटलं. आत्या रोज म्हणते, "जाळ गं आता. रीत आहे." आणि ओवोल रोज म्हणते, "उद्या."

काल आत्या पाणी आणायला गेली ती घागर टाकून पळत आली. शिपाई खालच्या गावात आलेत. घरन् घर उपसतायत. "अगं, त्या टोपीच्या विणीत फादरांचा केस गुंतलाय, पिंगट, काढू म्हटलं तर निघत नाही! मी स्वतः पाहिलाय. सापडली तर तुझं डोकं उडवतील!"

"ती जळली की अप्पांचं काय उरलं माझ्याकडे?" ओवोल म्हणाली आणि मला छातीशी धरून बसली. मग पुन्हा इथे टांगलं.

आता सकाळ झालीय. आत्या दारात उभी राहून खालची वाट बघतेय. कुत्री भुंकतायत. ओवोल चुलीपुढे बसलीय, हातात चिमटा, चिमट्यात निखारा, पण उठत नाही.

ऐक गं पोरी. ऐकू येत असेल तर ऐक. आयुष्यभर मी एकाच गोष्टीला भ्यायले, त्या निखाऱ्याला. आज मला त्याची भीती नाही, तू उठत नाहीस याची आहे. तुझ्या अप्पांनी त्या दिवशी तोंड का फिरवलं? तू जगावीस म्हणून. त्यांचं ते शेवटचं काम. मला कुरवाळत बसून ते मोडू नकोस. अप्पांचं काय उरलं म्हणतेस? तुझ्या हातांकडे बघ. तुझी कालची टोपी बघ, मुंगी शिरत नाही तिच्यात.

ऊठ. हा निखारा माझ्या कडेला लाव, तुझ्या सैल विणीला. ती लगेच पेट घेईल. अप्पांची वीण मधे आहे, घट्ट आहे, ती सगळ्यात शेवटी जळेल. तेवढा वेळ तुला मिळेल, त्यांना निरोप द्यायला.

उठली. उठली बघा. आत्यानं दार लावलं. ओवोल हात वर करून मला खाली घेतेय. तिचे ओठ हलतायत, रडण्याचीच चाल आहे, पण डोळे कोरडे आहेत आणि हात कापत नाहीयेत.

येते मी.